धुऊन परत आलेली बंडी

मी एक जुनी बंडी आहे. पांढरी, सुती, पूर्ण बाह्यांची आणि अंगाने अजून धडधाकट. माझ्या बरोबरीच्या सगळ्या बंड्या कात्रीखाली गेल्या. मी तेवढी वाचले, म्हणून तर मित्रांनो, आज तुमच्याशी बोलते आहे.

माझा जन्म उल्हासनगरचा, एरवी जीन्स शिवणाऱ्या एका गाळ्यातला. आम्हाला शिवताना कमळाकर मास्तर पार चक्रावले होते. ना बटण, ना खिसा, ना रंग, वर खळसुद्धा लावायची नाही. "अशी बंडी घालणार कोण?" असं ते शेठला सारखं विचारायचे. ऑर्डर होती अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेची. शेतात कीडनाशक फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर त्यातलं किती येतं, ते मोजायचं होतं. माणूस आम्हाला शर्टाच्या आत घालणार आणि फवारणी करणार. शर्टातून झिरपून जे कातडीपर्यंत पोचलं असतं, ते आम्ही पिऊन घेणार. मग बाह्या, छाती, पाठ असे आमचे तुकडे करून त्यांतलं औषध मोजायचं. ते औषध विकू द्यायचं का आणि डब्यावर कोणती खबरदारी छापायची, हे सरकार अशा आकड्यांवरून ठरवतं. केवढी ही जबाबदारी! मी तर पहिल्या दिवसापासून तोऱ्यात होते.

मला शेतावर नेलं प्राचीने. ही प्रयोगशाळेतली मुलगी, बदलापूरच्या बेलवलीत राहणारी, कामाला चोख. बारवी धरणाच्या रस्त्याला एका पाड्यावर नवसू नावाच्या शेतकऱ्याचं भेंडीचं शेत होतं. त्याला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन तिने मला त्याच्या हाती दिलं, आणि तो घरात जाऊन मला शर्टाच्या आत घालून आला. नवसूच्या पाठीवरचा पंप ठिबकत होता. मी पाठीकडून चांगलीच भिजले आणि मनात म्हटलं, आता आपला आकडा सगळ्यांत दांडगा येणार.

फवारणी झाल्यावर मला तिथेच काढून पिशवीत घालायचं आणि पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवायची, असा नियम होता. पण बाईमाणसासमोर उघडं कसं व्हायचं म्हणून नवसू लाजला. "घरात जाऊन काढतो," म्हणाला. प्राचीलाही जोर करवेना. ती पिशवी त्याच्या हातात देऊन ओटीवर बसली. नवसूची बायको पुतळी हिने तिला कोरा चहा दिला, आणि ती चहा पीत राहिली. तिथेच घात झाला.

थोड्या वेळाने पुतळी मला घेऊन बाहेर आली. दगडावर आपटून, पिळून, झटकून, व्यवस्थित घडी घातलेली.

प्राचीचा चेहरा उतरला. "पुतळीताई, धुतलीत?"

"मंग? घामाटलेला कपडा पावनीच्या हातात कसा द्याचा? मागून आनलेली वस्तू आमी धुवूनच देतो."

आता हिच्यावर रागवायचं तरी कसं? मला मात्र फार वाईट वाटलं. माझी सगळी कमाई त्या मोरीत वाहून गेली होती. मला तशीच पुढे पाठवली असती, तर मी खोटी साक्ष दिली असती, की नवसूच्या अंगावर जवळजवळ काहीच येत नाही.

एवढ्यात रांगत रांगत सोनिया आली, त्यांची तान्ही लेक. पुतळीने तिला उचललं आणि पोरीने सवयीने आईचं बोट तोंडात घालायला ओढलं. तेव्हा प्राचीला ते हात दिसले. लालभडक, बोटांच्या बेचक्यांत सोललेले. तिने पटकन पोरगी आपल्याकडे घेतली. "ताई, आधी साबणाने हात धुवा. असं कधीपासून होतंय?"

"फवारनीचे कपडे धुतले का चुनचुनतात. मंग डोका धरतो. पन धुन्याचा कोन इचारतो?"

प्राचीने मला कोरड्या पिशवीत ठेवलं, पण अंबरनाथला जाईपर्यंत तिचं लक्ष त्या हातांतच अडकलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख चिंतामणी सर म्हणाले, "नमुना फुकट गेला. दुसऱ्या बंडीवर पुन्हा घे, विषय संपला."

"सर, बंडीतलं औषध गेलं कुठे? तिच्या हातांवर."

"आपल्या आराखड्यात फवारणारा आहे. धुणारी नाही."

"मग आराखडाच अर्धा आहे, सर. त्या हातांनी ती भाकरी थापते, पोरीला भरवते."

सर कुरकुरले खरे, पण माणूस सरळ. त्यांनी अशा प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीपुढे विषय नेला आणि परवानगी आणली. पुढच्या खेपेला पाड्यातल्या बायकांना आत रबरी हातमोजे घालायला दिले, कातडी जपायला, आणि त्यांवर सुती हातमोजे, औषध टिपायला. नवऱ्यांचे कपडे धुऊन झाल्यावर सुती हातमोजे तपासले, तर एकूण एक हातमोज्यात औषध निघालं. अहवालात धुणाऱ्या बाईचा आकडा गेला तो माझ्यामुळे, हे मी ताठ मानेने सांगते. डब्यावर काय छापायचं, ते सरकार ठरवेल. अजून ठरायचं आहे.

मला प्राचीने ठेवून घेतलं. नव्या माणसांना काम शिकवताना ती मला बाहेर काढते, पाड्यावरही नेते. परवा नेलं, तेव्हा नवसू विहिरीपासून लांब, वेगळ्या बादलीत, रबरी हातमोजे घालून स्वतःचे फवारणीचे कपडे धूत बसला होता. शेजारचा चंदू कुंपणावरून हसला, "काय रे नवसू, बायकोचा काम करतोस?"

नवसूने मान वर केली नाही. "औषद अंगावर मी आनला. तिच्या हातात कशाला देऊ?"

ओटीवर सोनिया आईच्या बऱ्या झालेल्या हाताचं बोट चोखत होती, आणि या वेळी प्राचीने तिला उचललं नाही. मित्रांनो, तुमच्या अंगावरून उतरलेला कपडा कोणाच्या हातात जातो, तेवढं एकदा बघा.