बाहीवरचं घड्याळ

जुलियानाने डोकं उचललं, पण ते उशीपासून वीतभरच वर आलं. पुढे येईना. कॉन्रॅडच्या मनगटावरच्या घड्याळाच्या साखळीत तिचे केस अडकले होते आणि तो मात्र हात तिच्या उशीवर टाकून गाढ झोपला होता. तिने बोटांनी केस सोडवून पाहिले. सुटेनात. मग हात लांबवून खिडकीतली कात्री घेतली आणि अडकलेली बट सरळ कापून टाकली.

कात्रीच्या आवाजाने तो जागा झाला. त्याने आधी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय झालं?"

"काही नाही. तुमच्या घड्याळाला माझे केस हवे होते."

तो हसला नाही. उठून बसला आणि साखळीत राहिलेले केस एकेक करून ओढून काढू लागला. त्यासाठी त्याने घड्याळ जरा वर सरकवलं, तेव्हा खिडकीतून येणाऱ्या पहाटेच्या उजेडात तिला त्याचं मनगट दिसलं. साखळीच्या रुंदीची लाल पट्टी. मध्ये कातडी सोलवटलेली, एका जागी पाणी सुटलेलं.

"हे कधीपासून?"

"उन्हाळा लागल्यापासून. जाईल."

त्याने घड्याळ पुन्हा खाली ओढून घेतलं.

बहारीनच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत एकवीस वर्षं फिटर म्हणून काढून कॉन्रॅड मागच्या ऑक्टोबरात कायमचा आपल्या गावी, गासला परतला होता. त्या एकवीस वर्षांत दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी, म्हणजे सगळी मिळून पावणेदोन वर्षंसुद्धा तो या घरात राहिला नव्हता. एकुलती लेक मर्लिन लग्न होऊन माणिकपूरला गेली, तेव्हा घरात आता ही दोघंच. भांडण नव्हतं. उलट दोघंही एकमेकांशी पाहुण्यासारखं जपून वागत. त्यानेच पाठवलेल्या पैशांतून आलेला फ्रिज, पण पाणी हवं असलं की तो विचारायचा, "फ्रिज उघडू का?" आणि ती म्हणायची, "उघडा की." हा माणूस इथे राहायला आलाय की अजून सुट्टीवरच आहे, हे तिला कळत नव्हतं. कदाचित त्यालाही.

त्याच दिवशी ती त्याला नालासोपाऱ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता. त्याने मनगट उजेडाखाली धरलं.

"घड्याळ झोपतानाही हातात असतं?"

"असतं."

"आणि आंघोळीला?"

"तेव्हा काढतो."

"तेवढी मेहेरबानी केलीत," डॉक्टर म्हणाला. "हे बघा काका, घड्याळ घालून झोपल्याने कोणी मरत नाही. पुष्कळ लोक झोपतात. पण पट्टा घट्ट, आत घाम, त्यात हा मे महिना. कातडीला श्वास कधी घेऊ देणार? शिवाय तुम्हाला हा धातू सोसत नाही असं दिसतंय. हाताला मुंग्या येतात का सकाळी?"

"येतात."

"अंगाखाली दाबला जात असेल. जखम भरेपर्यंत अजिबात घालू नका. नंतर घातलंत तर कापडी पट्टा, सैल. आणि रात्री हात मोकळा."

"हे ऑटोमॅटिक आहे," कॉन्रॅड म्हणाला. "हात हलला की चालतं. काढून ठेवलं तर बंद पडेल."

"एका रात्रीत नाही पडत. माझ्या वडिलांकडे तसलंच आहे."

परतताना रिक्षात कॉन्रॅडने मलमाची ट्यूब मुठीत धरली होती, आणि घड्याळ शर्टाच्या खिशात. दर थोड्या वेळाने त्याचा हात खिशाकडे जात होता. जुलियाना बाहेरच्या केळींकडे पाहत राहिली.

त्या रात्री त्याने घड्याळ स्टुलावर काढून ठेवलं. सकाळी स्टुलावरचा पाण्याचा तांब्या फरशीवर पडलेला होता आणि कॉन्रॅड पडवीत बसून होता, डोळे तांबारलेले. दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या सकाळी तांब्या पडला नव्हता, कारण त्याने स्वतःच तो आधी उचलून लांब ठेवला होता. झोप मात्र लागली नव्हती.

"एवढं काय त्या घड्याळात?" तिने विचारलं.

"सवय," तो म्हणाला, आणि झाडांना पाणी घालायला निघून गेला.

चौथ्या दिवशी जुलियाना बाजारातून परतली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. वांगी आणि वाल विकून, रिकामी टोपली डोक्यावर घेऊन ती चालत आली होती. घामाने निथळत खोलीत शिरली आणि दारातच थांबली. कॉन्रॅड पलंगावर झोपला होता. त्या उकाड्यात त्याने लांब बाह्यांचा पांढरा शर्ट घातला होता, मर्लिनच्या लग्नातला. बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, आणि डाव्या बाहीवर, कापडाच्या वरून, घड्याळ बांधलेलं.

तिला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला तरी ते फुटलंच. टोपली डोक्यावरून घसरून खाली पडली. कॉन्रॅड धडपडून उठला, बाहीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखा ओशाळला.

"कातडीला लागत नाही," तो म्हणाला. "डॉक्टरने कातडीला लागू द्यायचं नाही म्हटलं होतं."

ती हसतच पलंगाच्या कडेला बसली. मग हळूहळू हसू ओसरलं. हा साठीला आलेला माणूस झोपेसाठी लेकीच्या लग्नातला शर्ट घालतो, तेव्हा ही नुसती सवय नाही, एवढं तिला कळलं.

"खरं सांगा मला," ती म्हणाली.

तो बाहीच्या बटणाशी चाळा करू लागला.

"तिथे खोलीत आम्ही आठ जण होतो," तो म्हणाला. "भिंतीवर कंपनीचं घड्याळ होतं, भोंगा होता. कामाची वेळ त्यावर. हे मी कधीच तिथल्या वेळेला लावलं नाही. अडीच तासांचा फरक. हे इथलं होतं, घरचं."

"एकवीस वर्षं?"

"हो. तिथे दीडला मला जाग यायची. इथे चार. म्हणजे तू उठलीस. दहाला आमचा चहा. इथे साडेबारा, चर्चची घंटा झाली, तू जेवायला बसलीस. मी पाव चहात बुडवून तुझ्याबरोबर खायचो. दोनला तू पडायचीस. सातला मर्लिनला घेऊन रोझरीची प्रार्थना." तो थांबला. "रात्री अंधारात घड्याळाला हात लागला नाही तर छातीत धडधडायचं. इथे आलो तरी तेच. डोळा उघडला की आधी घड्याळ बघतो. मग तू दिसतेस."

जुलियानाने पदराने मान पुसली. तिला रडू यायला हवं होतं. पण तिच्या मनात दुसरंच काहीतरी उभं राहिलं होतं आणि ते सांगावं की गिळावं हे तिला ठरवता येत नव्हतं. सात महिने गिळलंच होतं.

"ते तुम्ही असताना," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"साडेबाराला जेवण, दोनला झोप. ते तुम्ही सुट्टीवर असलात की. एरवी नाही."

"एरवी?"

"एरवी जेवायला चार वाजायचे. पुष्कळदा उभ्याउभ्याच. रोझरी नऊला, मर्लिन पेंगायची. आणि पहाटे चारला कशाला उठू? विहिरीला पंप बसवल्यावर मी पावणेसहाला उठायची."

कॉन्रॅडने मान हलवली, जणू हिशेब जुळत नव्हता.

"आणि दोनला?"

"दोनला मी सायकलवर असायची."

"कोणाच्या?"

"माझ्या."

ती त्याच्याकडे न पाहता सांगत गेली. चौऱ्याऐंशी साली शेजारच्या उर्सुलाने तिला चर्चच्या ग्राउंडवर सायकल शिकवली. दोनदा पडली, कोपर फुटलं. पुढे मागच्या कॅरिअरला टोपली बांधून ती नालासोपाऱ्याच्या बाजारात जाऊ लागली. माल संपला की दुपारी रस्त्यावर कोणी नसताना उगाच लांबून, खाडीकाठच्या खाजणाच्या बाजूने यायची. कसलं काम नसायचं तिकडे. नुसतं बरं वाटायचं. त्याची सुट्टी जवळ आली की सायकल उर्सुलाच्या गोठ्यात जायची आणि तो विमानात बसला की बाहेर यायची.

"पण लपवलीस का?"

"आपलं नवीन लग्न झालं होतं. कॅथरिन टीचर सायकलवरून चालल्या होत्या. तुम्ही हसला होतात."

"मी?"

"तुम्ही. मोठ्याने."

त्याला काही आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो उठला. त्याच शर्टात, अनवाणी, बाहेर विहिरीपर्यंत गेला आणि काठावर तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. जुलियाना खिडकीतून पाहत राहिली. त्या आठ जणांच्या खोलीत या माणसाने एक बाई जपली होती आणि आज भरदुपारी तिने ती बाई काढून घेतली. बोलले नसते तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटून गेलं.

तो आत आला तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"म्हणजे साडेबाराला मी एकटाच जेवत होतो," तो म्हणाला.

"हो."

"चारला कोण उठत होतं मग?"

"कोणी नाही. कोंबडा."

त्याच्या ओठांची कड हलली. तो पलंगावर बसला, पाय वर घेतले.

"बरं," तो म्हणाला. "पावणेसहाला उठलीस. मग पहिलं काय करायचीस?"

तिने सांगितलं. मग त्याने पुढचं विचारलं. चहा कशाचा, काळा की दुधाचा? पंपाचं बटण कोण दाबायचं? पावसात टोपलीवर काय घालायची? मर्लिनला गोवर आला तेव्हा बाजारात कोण गेलं? खाजणाकडे काय बघायचीस? बगळे, ती म्हणाली, आणि मग त्यालाही हसू आलं. एका दिवसाचं सांगता सांगता वर्षं निघत गेली. मध्येच उकाडा असह्य होऊन त्याने बाहीची बटणं काढली, त्यासाठी घड्याळ काढून कुठेतरी ठेवलं आणि विचारत राहिला. ती एकोणनव्वद सालच्या पुरावर आली होती तेव्हा तिच्या लक्षात आलं की समोरून हुंकार येत नाही. तो बसल्याजागी भिंतीला टेकून झोपला होता. उघडा हात मांडीवर, तळवा वर. तिने पंखा एका आकड्याने वाढवला आणि त्याला उठवलं नाही. तो सहा वाजता उठला. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज तिने स्वयंपाकघराबाहेरून ऐकला. विचारल्याचा आवाज त्याआधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दोघं उर्सुलाच्या अंगणात होती. उर्सुलाने गोठ्यातून सायकल बाहेर आणली. सात महिन्यांची धूळ, दोन्ही चाकं बसलेली, साखळी गंजलेली.

"घ्या बाई तुमचं जनावर," उर्सुला म्हणाली. "चारापाणी न घालता सांभाळलंय."

कॉन्रॅड उकिडवा बसला. साखळीवरून बोट फिरवलं, पॅडल उलटं फिरवून कान देऊन ऐकलं. घरून आणलेल्या पिशवीतून तेल काढलं, हवा भरायचा पंप काढला. फिटरच्या हातांना काम मिळालं होतं. ते आता घाई करत नव्हते. अर्ध्या तासाने चाक सरसर फिरलं. जुलियानाने पदर खोचला आणि हँडल धरायला पुढे झाली.

"थांब," तो म्हणाला.

त्याने पाना घेऊन सीटखालचा नट सैल केला, सीट चार बोटं वर उचलली आणि पुन्हा पिळून घट्ट केली. हाताने दाबून पाहिली. मग उभा राहून सीटच्या उंचीशी स्वतःच्या कमरेचा अंदाज घेतला.

"अहो, हे काय केलंत?" उर्सुला म्हणाली. "आता जुलियानाचे पाय कसे पोचणार?"

कॉन्रॅड पाना पुसत राहिला. मान खाली होती, कान लाल झाले होते. जुलियानाने एकदा सीटकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग ती हँडलवरून बाजूला झाली, मागे गेली आणि दोन्ही हातांनी कॅरिअर घट्ट धरलं.

"ग्राउंडवर या वेळेला कोणी नसतं, पडलात तरी चालेल," ती म्हणाली. "चला."