कोपरा धरला की त्याच दिवशी

माशांचं जमवणं हे सोयरीक जमवण्यापेक्षा अवघड काम आहे, असं मासेवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. कुणी गोल्डफिश आणि टायगर बार्ब एकाच टाकीसाठी मागितले की तो जाळी खाली ठेवून विचारायचा, "घरात भांडणं कमी पडतात का तुमच्या?" निऑन हवेत तर सहा तरी न्या, एकटा निऑन भीतीनंच मरतो. ज्याच्या तोंडात जो मावेल, तो त्याचं जेवण. आणि पिशवीला रबर लावता लावता न चुकता: "एखाद्यानं कोपरा धरला, खायला येईनासा झाला, तर त्याच दिवशी बाहेर काढा. उद्यावर टाकू नका. उद्या तो नसतो."

असा हा शहाणा माणूस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्याला एकच लेक. आई लवकर गेली, त्यामुळे पोर दुकानातल्या स्टुलावर, टाक्यांच्या हिरव्या उजेडात वाढली. तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून तिचं नाव पडलं गप्पी. दुकानाची भाषा तिला बाराखडीच्या आधी आली. ताप आला की म्हणायची, "बाबा, माझा रंग उतरलाय." शाळेत कुणाशी बिनसलं की, "बाबा, मी आज कोपरा धरलाय." मग बाप दुकानाचं शटर अर्धं ओढायचा आणि तिला खांद्यावर घेऊन फिरवून आणायचा.

जावई म्हणजे दुकानाचंच गिऱ्हाईक. तीन वर्षं दर शनिवारी यायचा आणि आपल्या एकुलत्या एका निळ्या गुरामीसाठी खाद्य न्यायचा. नाकासमोर चालणारा, कधी आवाज न चढवणारा. फोनवर टाकीचे फोटो दाखवायचा: काच लख्ख, गोटे एका रांगेत. एका माशाचं इतकं करतो, तो माणसाचं किती करील, असं मासेवाल्याच्या मनानं घेतलं आणि त्यानंच लेकीपुढे विषय काढला. एकटा मासा शांतच असतो, त्यावरून काही ठरवू नका, असं तो दिवसातून दहा जणांना सांगत होता. स्वतःच्या वेळी नेमकं तेच विसरला.

लग्नात त्यानं मोठी टाकी दिली, सोबत सहा टेट्रा आणि गुरामीला एक मादी. नवे मासे सोडण्याआधी जुन्याला बाहेर काढायचं आणि गोटे इकडचे तिकडे करायचे, म्हणजे टाकीत कुणाची जहागीर उरत नाही, अशी रीत आहे. जावई गोड हसला. "गोटे राहू देत, बाबा. माझी मांडणी ठरलेली आहे." मासेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. पण लेकीच्या लग्नात गोट्यांवरून कोण वाद घालणार? त्यानं गोटे न हलवता मासे सोडले.

सुरुवातीला गप्पीचा फोन रोज यायचा. मग आठवड्यानं, मग पंधरा दिवसांनी, आणि तोही स्पीकरवर, नवरा शेजारी असताना. आता ती फक्त माशांबद्दल बोलायची.

"बाबा, मादीचा रंग उतरलाय."

"पाणी बदल थोडं," बाप म्हणाला.

पुढच्या खेपेला: "मादीचा पर फाटलाय. उजवा."

"चिमूटभर मीठ टाक. भरून येईल."

मग ती म्हणाली, "बरं." वाईट याचं वाटतं, की त्या दिवशी फोन ठेवल्यावर तो खुशीत होता. लेक संसारात रमली, वर टाकीही सांभाळते, असं त्यानं शेजारच्या दुकानदाराला कौतुकानं सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी पुन्हा फोन आला. "बाबा, मादीनं कोपरा धरलाय." एवढंच, आणि फोन बंद झाला.

मासेवाल्यानं जाळी घेतली, पिशवी घेतली, रबर बोटात अडकवलं आणि स्कूटर काढली. धावतपळत गेला तो माशासाठी. हे त्यानं पुढं कधीच स्वतःला माफ केलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर. दार जावयानं उघडलं. "अचानक?"

"मादीला न्यायला आलो. कोपरा धरलाय म्हणे तिनं."

जावई हसला. "कुठली मादी, बाबा? ती दोन महिन्यांपूर्वीच मेली."

टाकीत गोटे रांगेत होते आणि त्यांच्यावरून तो निळा गुरामी सावकाश फिरत होता. टेट्राही उरले नव्हते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" जावयानं विचारलं. आवाज शांतच होता. विचारलं सासऱ्याला, पण बघत होता स्वयंपाकघराकडे.

तिथं फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत गप्पी उभी होती. उजवा हात पोटाशी धरलेला.

मासेवाल्याला आता उमगलं. पर फाटल्याचा फोन आला, तेव्हा टाकीत मादी नव्हतीच. आणि त्यानं मीठ सांगितलं होतं. आज आणखी शहाणपणा केला: ती काय बोलली, हे दारातच नवऱ्याच्या कानावर घातलं.

"माझीच गल्लत," तो म्हणाला. "दुसऱ्या गिऱ्हाइकाचा निरोप असणार. वय झालं." मग टाकीकडे वाकला. "अहो, पण याच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत! आज औषध नाही मिळालं तर गेला हा."

ठिपके नव्हते. माशाबद्दल तो जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला. जावयाचा चेहरा मात्र उतरला.

मासेवाल्यानं एका झटक्यात गुरामी जाळीत घेतला, पिशवीत पाणी भरलं, मासा सोडला आणि पिशवी जावयाच्या हातात दिली. "दोन्ही हातांनी. तोंड घट्ट आवळा. हलू नका, हवा जाईल. औषध स्कूटरच्या डिकीत आहे." रबर मासेवाल्याच्याच बोटात होतं.

तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. "गप्पी, चल. बाटलीवरचं बारीक मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही."

"ती कशाला?" मागून जावई म्हणाला.

"हलू नका म्हटलं ना!"

ती दाराशी चपला शोधायला लागली. "राहू देत," बाप पुटपुटला आणि तिचा डावा हात धरून जिना उतरू लागला.

इतकी वर्षं जपलेला मासा आहे, पाच मिनिटं तरी धरून उभा राहील, असा त्याचा हिशेब होता. दुसऱ्या मजल्यावर पोचतात तोच वर पाणी फाडकन आपटलं. मग जिन्यावर ओल्या, अनवाणी पावलांचा आवाज आला. तो आवाज धावत नव्हता. एकेक पायरी उतरत होता.

पहिल्या किकला स्कूटर लागली नाही. दुसऱ्या किकला लागली. वळणावर मासेवाल्यानं आरशात पाहिलं. जावई फाटकात उभा होता, शर्ट पुढून भिजलेला, दोन्ही हात मोकळे. चेहरा तसाच शांत. दुकानाचा पत्ता त्याला ठाऊक होता, आणि शनिवारी ते किती वाजता उघडतं हेही.

गप्पीनं डाव्या हातानं बापाचा शर्ट घट्ट धरला होता. पहिल्या सिग्नलला स्कूटर थांबली, तेव्हा कुठं त्याला मागं वळून त्या उजव्या हाताकडे बघायचा धीर झाला. मनगट दुप्पट सुजलं होतं.

त्यानं तोंड उघडलं.

"बाबा," गप्पी म्हणाली, "मीठ सांगू नका."