तिसऱ्या मजल्यावरची विधवा

तुम्ही कोण?

बाई फ्रेंच शिकवत. पुस्तक त्यांनी पहिल्याच आठवड्यात कपाटात कोंबलं. क्रियापदं घोकून कुणाचं भलं झालंय? भिंतीवर खाकी कागद डकवला, त्यावर एक इमारत काढली आणि वर्गाला म्हणाल्या, "घ्या एकेक घर. आत कोण राहतं ते तुम्हीच ठरवा. आत शिरलात की फक्त फ्रेंच."

वर्गातला ड्रायव्हर तळमजल्यावरचा दंतवैद्य झाला. शिंपीण मात्र ढिम्म. तिचा नवरा दूर, फ्रेंच बोलणाऱ्या मुलखात हॉटेलात राबत होता. त्याच्याकडे जायचं तर व्हिसाच्या कचेरीत फ्रेंचची तोंडी परीक्षा द्यायची होती, आणि इथे तोंडच उघडेना. शेवटी वैतागून म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर मी. विधवा. सोबत एक कासव."

घरी कोण कोण असतं?

आणि काय सांगावं, विधवेला वाचा फुटली! जिन्यातला अंधार, शेजाऱ्याचा खोकला, सतत पळून जाणारं कासव, सगळं फ्रेंचमध्ये. नवऱ्याचं मरण तर रोज नवं: कधी थंडीनं, कधी शिळ्या माशानं.

"ताई, भाऊजींना एकदाच काय ते सुखानं मरू द्या की!" ड्रायव्हर म्हणायचा. वर्ग खो खो हसायचा. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

नवरा काय करतो?

कचेरीतल्या साहेबानं फ्रेंचमध्ये हेच विचारलं. शिंपिणीनं घाम पुसला, आणि ती त्या भाषेतलं जे एकच घर तिला ठाऊक होतं त्यात शिरली.

"गेले हिवाळ्यात. आता मी आणि कासव."

साहेबानं भाषेला पैकीच्या पैकी गुण दिले आणि अर्ज फेटाळला. नवऱ्याकडे निघालेली बाई नवरा मेला म्हणते, म्हणजे लग्नाचे कागद खोटे.

बाई धावत कचेरीत गेल्या. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे वर्गात तुम्ही खोटं बोलायला शिकवता?"

"खोटं नाही हो. बोलायला शिकवते."

"ते आलंय त्यांना." त्यानं खिडकी ओढून घेता घेता सांगितलं, "खोटी माहिती दिली की पुन्हा अर्ज नाही. कधीच नाही."

पुढचा प्रश्न

शिंपीण पुढच्या तासाला आली. बाईंना वाटलं, भांडायला आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती आपल्या बाकावर बसली. ड्रायव्हरनं मान खाली घातली.

"यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाले, मला मारलंस कसं गं? म्हटलं, सोपं होतं. सवय होती." मग बाईंकडे वळून, "बाई, 'माझा नवरा जिवंत आहे' हे कसं म्हणायचं?"

बाईंनी सांगितलं. ती म्हणू लागली. अर्ध्यावर अडली. बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा अडली. आता याचा काडीचा उपयोग नाही, हे दोघींना ठाऊक होतं. बाई सांगत राहिल्या, आणि तिला ते वाक्य काही केल्या येईना.