कोकरेवस्तीचं मत

धुळा कोकरे तिसऱ्यांदा चहाला नको म्हणाला आणि डॉक्टर चारुलता वैशंपायन यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. निवडणुकीच्या दिवसांत फुकटचा चहा कोण सोडतो? कडेगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या प्रचार कार्यालयात नुसतं पोस्टर बघायला आलेला माणूससुद्धा दोन कप पिऊन जाई. आणि हा गडी सकाळी सातला स्वतःची मोटरसायकल घेऊन यायचा, दिवसभर त्यांना गावोगाव हिंडवायचा, पेट्रोलच्या पैशांना हात आडवा लावायचा आणि आपली भाकरी आपल्या फडक्यातून आणायचा.

"धुळा, अरे, विष नाही घातलं त्यात," बाई म्हणाल्या.

"असूं द्या की बाई. मला पचत न्हाई."

मेंढराच्या दुधाचा खरवस पचवणारा माणूस हा!

बाई एकतीस वर्षं सरकारी जनावरांच्या डॉक्टर होत्या, आणि ती सगळी वर्षं पूर्वेकडच्या माळावर गेली. माहेर वाईचं, सासर सांगलीचं, पण आयुष्य सगळं शेळ्यामेंढ्यांत. निवृत्तीनंतर दोन वर्षांत पूर्वेच्या अकरा दवाखान्यांपैकी आठांना कुलूप लागलं. साथ आली तेव्हा लोकांची जनावरं डोळ्यांदेखत मेली. बाईंनी अर्ज केले, स्मरणपत्रं धाडली, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी वैतागून एकच अर्ज केला, तो थेट आमदारकीचा. अपक्ष. निशाणी बादली.

समोर मानसिंगराव, तीन वेळचे आमदार. मतदारसंघाचा पश्चिमेचा भाग उसाचा, पाण्याचा आणि म्हणून मानसिंगरावांचा. तिथं बाईंना कोणी उभं करत नव्हतं. त्यांची सगळी मदार पूर्वेच्या चाळीस गावांवर होती, आणि ती गावं ज्याच्या पायाखालची होती तो एकटा धुळा. तो खरा असेल तर त्या निवडून येऊ शकत होत्या. तो खोटा असेल तर बाजार उठलाच म्हणायचा.

आता बाईंचा स्वभाव मुळातच संशयी, आणि नोकरीनं त्याला धार लावलेली. जनावराला बोलता येत नाही, त्याच्या वतीनं मालक बोलतो, आणि मालक हमखास थापा मारतो. "कालपासनं खाल्लं न्हाई" म्हणजे चार दिवस झाले, "काय बी औषध दिलं न्हाई" म्हणजे वैदूचा काढा पाजून झालाय. एकतीस वर्षं हे ऐकल्यावर बाईंना माणूस बोलायला लागला की आधी त्याच्या डोळ्यांत बघायची सवय लागली होती. धुळाच्या डोळ्यांत त्यांना काहीतरी दडवलेलं दिसत होतं. आणि ते खरंच होतं.

कारण चहा ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी, की धुळा त्यांना सगळीकडे न्यायचा, फक्त स्वतःच्या कोकरेवस्तीवर न्यायचा नाही.

"तुझ्या वस्तीवर कधी जायचं?"

"जाऊं की. घाई काय हाय?"

"मतदान बुधवारी आहे, धुळा."

"आपलीच वस्ती हाय बाई, कुठं पळून जातीया?" असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

ह्याच कोकरेवस्तीवर सहा वर्षांपूर्वी मेंढरांत साथ आली, तेव्हा बाई अकरा दिवस मुक्काम ठोकून राहिल्या होत्या. निम्म्याहून जास्त कळप त्यांनी वाचवला. त्या वस्तीनं तरी त्यांना डोक्यावर घ्यायला हवं होतं. मग ही टाळाटाळ कशासाठी?

त्याचं उत्तर राजसनं आणलं. राजस हा त्यांच्या दिराचा मुलगा. कुपवाडला त्याचा स्वतःचा लेथचा कारखाना. काकूच्या हट्टापायी तो कामगारांवर सोपवून पंधरा दिवस इथं येऊन बसला होता. गुरुवारी सकाळी त्यानं मोबाईल पुढं केला. फोटोत कोकरेवस्तीच्या बिरदेवाचा नवाकोरा सभामंडप होता, मधोमध मानसिंगराव आणि त्यांच्या शेजारी कपाळभर भंडारा लावलेला धुळा.

"आखाडातला फोटो आहे," राजस म्हणाला. "सभामंडप आमदारांनी बांधून दिलाय. काकू, हा माणूस रोज संध्याकाळी तिकडं जाऊन आपला सगळा कार्यक्रम सांगत असणार."

बाईंनी दुपारी धुळाला दुसऱ्या कामाला लावलं आणि त्याला न सांगता राजसच्या गाडीतून त्या कोकरेवस्तीवर गेल्या.

वस्ती रिकामी होती. चाळीसेक घरं, बहुतेकांना कुलूप, आणि एकेका दारावर मानसिंगरावांचं हसरं तोंड चिकटवलेलं. बादली औषधालाही नव्हती. सभामंडपाच्या सावलीत धुळाची म्हातारी, बनाबाई, कोकरं राखत बसली होती. बाईंना बघून ती धडपडत उठली आणि पाया पडायला वाकली.

"अगं राहू दे. माणसं कुठं गेली सगळी?"

"गेल्यात गावाला."

"सगळी? एकदम?"

"व्हय. म्हंजी... कुणी हितं, कुणी तितं." म्हातारी कोकरांकडे बघायला लागली.

त्या दिवशी पलीकडच्या गावात मानसिंगरावांची जंगी सभा होती. बाईंनी दोन आणि दोन चार केले. तरी एकदा खडा टाकून बघावा म्हणून त्या म्हणाल्या, "बनाबाई, यंदा मी उभी आहे. माझं मत..."

म्हातारीनं झटक्यानं आपला हात बाईंच्या तोंडावर धरला. "न्हाई बाई! हितं मागू नगा. पाया पडते, त्यो शब्द हितं काढू नगा." तिचे डोळे भरले होते.

परतीच्या वाटेवर राजस एवढंच म्हणाला, "आता अजून काय पाहिजे?" बाईंना काहीच नको होतं. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट वाटत होतं, कारण संशय असूनसुद्धा त्यांना धुळा मनापासून आवडायचा.

शुक्रवारी सकाळी तो आला तेव्हा कार्यालयात पाच-सहा माणसं होती. बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "धुळा, तू कोणाचा माणूस आहेस?"

"तुमचा की."

"मग तुझ्या वस्तीचं मत कोणाला?"

धुळाची मान खाली गेली.

"बोल ना! सभामंडप घेतलात, इथं येऊन माझ्या पोटात शिरलास. जनावरं मेली असती तर बरं झालं असतं, निदान माणसं तरी कळली असती."

हे शेवटचं बोलायला नको होतं. बोलल्याक्षणी बाईंना ते कळलं, पण तोंडातून गेलं ते गेलं. धुळानं वर बघितलं. "बाई, तुमाला इचारावं लागलं, तितंच समदं संपलं," तो म्हणाला. "येऊं नगं म्हणत असशीला तर येत न्हाई." आणि गेला.

मग शनिवार गेला, रविवार गेला. बाई नोकरीभर सरकारी जीपच्या ड्रायव्हरच्या भरवशावर हिंडलेल्या; धुळाशिवाय पूर्वेच्या आडवाटा सापडेनात. राजस मोबाईलवर नकाशा बघून गाडी हाणायचा आणि भलत्याच ओढ्यात नेऊन उभी करायचा. सोमवारी, म्हणजे प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, भरदुपारी ते खडकवाडीला पोचले. तिथं पल्लवी नावाची एक सून पाण्याची कळशी खाली ठेवून धावत आली.

"डाक्टरीणबाई, आमची आत्या परत का धाडलीसा?"

"कोण आत्या?"

"माझं म्हायेर कोकरेवस्ती. आत्या आठ दिस हितं मुक्कामाला हुती. घरोघर हिंडून बादली, बादली सांगत हुती. सगळी वस्तीच बाहीर पडली हुती. कुणी लेकीच्या गावाला, कुणी मेव्हण्याच्या. शुक्रवारी सांच्याला धुळादादाचा निरोप आला, बाईस्नी आपुन नगं झालोय, माघारी फिरा. गेली की मग समदी."

बाईंना क्षणभर काही कळेना. "पण त्यांची मतं तर मानसिंगरावांना आहेत!"

"हायतच. आखाडात मंडप झाला तवा वस्तीनं भंडारा उचलून शपथ घेतलीया त्येंच्या नावानं. बिरदेवाम्होरं. तुमी हुबं ऱ्हाणार हे तवा कुणाला ठावं? आता मत बांधलेलं हाय. म्हणून धुळादादा म्हणला, मत न्हाई देता येत, तर पाय तरी देऊं. आपलं एक गेलं तर भाईरनं धा आणूं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुमच्या तोंडावर न्हाई कसं म्हणायचं, बाई? तुमी अकरा दिस ऱ्हायला हुता आमच्यात." पल्लवीनं पदरानं तोंड पुसलं. "ज्येला मत देता येत न्हाई, त्येच्या घरचं पाणी सुदीक घ्यायचं न्हाई, असं ठरलं हुतं."

बाई गाडीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कोकरेवस्ती."

पोचेपर्यंत सहा वाजून गेले होते. प्रचार संपला होता. सगळी वस्ती सभामंडपात गोळा झाली. राजस त्यांच्या कानाशी लागला, "काकू, दोनशे बारा मतं आहेत इथं. प्रचार बिचार सोड, नुसती बोलून जा. मशीनमध्ये कोणी काय दाबलं ते देवालाही दिसत नाही. ही माणसं तुला नाही म्हणणार नाहीत."

ते खरं होतं. बाईंनी मागितलं असतं तर त्या माणसांनी दिलं असतं आणि जन्मभर देवाकडे वर मान करून बघितलं नसतं. बाईंना मोह झाला. खोटं कशाला सांगायचं, चांगलाच झाला. मग त्यांनी धुळाला हात जोडले.

"मी चुकले. त्या दिवशी जे बोलले, ते मला बोलायला नको होतं."

"आवं बाई, हात नगा जोडू," धुळा कासावीस झाला. "चूक आमची. आदीच सांगाय पायजे हुतं. पर जीभ उचलंना."

मत हा शब्द त्या संध्याकाळी कोणीच काढला नाही. बनाबाईनं दूध आणून दिलं, बाईंनी ते घेतलं आणि त्या निघाल्या.

शनिवारी मतमोजणी झाली. पूर्वेची मशीनं उघडायला लागली तशी मानसिंगरावांच्या माणसांची तोंडं उतरली. बादली गावामागून गाव मारत होती. दुपारी एक वाजता बाई चक्क पुढं होत्या. मग कोकरेवस्तीचं मशीन आलं. मानसिंगराव दोनशे नऊ, तिघंजण मतदानाला नाहीत, बादली शून्य.

"एकसुद्धा नाही!" राजस डोक्याला हात लावून म्हणाला.

बाईंना मात्र ते शून्य बघून बरं वाटलं. दिवसभरात त्यांना पुरता भरवसा वाटला तो त्या एका आकड्याचा.

त्यानंतर पूर्वेचीच, डोंगराकडेच्या टोकाची सात गावं आली आणि तिथं सगळं फिरलं. सातही गावांत बादलीला जेमतेम मतं. संध्याकाळी निकाल लागला. मानसिंगराव सहाशे चाळीस मतांनी विजयी.

बाहेर गुलाल उडत होता. कुंपणाच्या कडेला धुळा एकटाच उभा होता. बाई त्याच्याकडे चालत गेल्या. त्यांना वाटलं होतं, आता रडू येईल. पण आलं नाही.

"ती टोकाची सात गावं," त्यांनी विचारलं, "तिथं तुमची माणसं कधी जाणार होती?"

"शनवार, आयतवार," धुळा म्हणाला. "मुक्काम ठरलं हुतं समद्यांचं."

"म्हणजे ती मीच घालवली."

धुळानं त्यांच्याकडे सरळ बघितलं. या वेळी त्यानं काही दडवलं नाही.

"व्हय, बाई."