तळच्या खणातली नळी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे, हे वेगळं सांगायला नको; गुडघ्याने ढकलल्याशिवाय माझं दार लागत नाही. घरातल्या फ्रीजशी मात्र माझी तुलना करू नका. त्याच्यात आईस्क्रीम असतं, माझ्यात माणसं असतात. म्हणजे त्यांच्या रक्तातून काढलेला डीएनए, करंगळीच्या पेराएवढ्या नळ्यांत, उणे ऐंशी अंशांवर.

कारखान्यातून मी थेट एका रुग्णालयाच्या तपासणी प्रयोगशाळेत रुजू झालो. पहिली दोन वर्षं साहेब येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कौतुकाने मला दाखवायचे. तिसऱ्या वर्षी माझ्यावर कॅलेंडर अडकवलं. त्यानंतर लोक माझ्याकडे फक्त रजा मोजायला बघत.

माझी निगा एका तंत्रज्ञाकडे होती. सगळे त्यांना बर्फकाका म्हणत. दर सहा महिन्यांनी माझ्यातला बर्फ खरवडायचा, असा नियम होता. काका दर सहा महिन्यांनी नेमाने "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत. चौदा वर्षांत तळचा खण असा गोठला, की तो खण आहे हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्या खणात एका मुलाची नळी होती. तो कधी बोलला नाही, चालला नाही. त्याला झटके येत. चौदा वर्षांपूर्वी, आठ वर्षांचा असताना त्याचा डीएनए तपासला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे, ज्या भागात प्रथिनं बनवण्याच्या कृती असतात तेवढाच वाचला. तो शेकडा एक-दोन. उरलेल्याला चांगली शिकलेली माणसं भंगार म्हणत. अहवाल आला: 'काही आढळले नाही.' पुढच्या वर्षी मुलगा गेला. अहवालातली रिकामी जागा घरात आत्याबाईंनी भरली. "हे आईच्या बाजूनंच येतं," असा त्यांचा निकाल. त्यांना कुठल्याच तपासणीची गरज पडली नाही.

यंदा नवा फ्रीझर आला. साहेबांनी हुकूम काढला: दहा वर्षांहून जुन्या, काही न आढळलेल्या नळ्या टाकून द्या आणि मग मला भंगारात काढा. नळ्यांची मुदत सोमवारपर्यंत.

शुक्रवारी त्या मुलाची थोरली बहीण आईला घेऊन आली. जागा अपुरी असल्यामुळे नव्या डॉक्टरबाईंचं टेबल माझ्यासमोरच होतं.

"मला तिसरा महिना लागलाय," बहीण म्हणाली. "माझ्या बाळाला भावासारखं होईल का, एवढंच सांगा."

"त्याचा नमुना मिळाला तरच सांगता येईल. नुसतं तुमचं रक्त घेऊन काय शोधायचं, तेच कळणार नाही."

"त्याच्या वेळी दिवस असताना मी तापाची गोळी घेतली होती," आई हळूच म्हणाली.

"आई, बावीस वर्षं तू तीच गोळी गिळते आहेस!"

डॉक्टरबाई काकांकडे वळल्या. "जुन्या नळ्या टाकल्यात का?"

काकांनी मान खाली घातली. "टाकायच्याच होत्या, मॅडम. पण तळचा खण निघेना. बर्फ... जरा साठलाय."

"म्हणजे आहेत अजून?"

"असाव्यात. पण हे साहेबांना सांगू नका."

"काका, पहिल्यांदाच कुणाच्या तरी आळशीपणाच्या पाया पडावंसं वाटतंय."

दोन तास खटपट चालली. काका खरवडत होते, डॉक्टरबाई ओढत होत्या आणि माझा जीव कंठाशी आला होता. शेवटी खण निघाला. नळीवरचा आकडा पुसट होता, पण वाचता आला.

या वेळी सगळा मजकूर वाचला. भंगारासकट. महिन्याने उत्तर आलं. एका इवल्याशा जनुकात एक अक्षर जास्तीचं घुसलं होतं. हे जनुक प्रथिन बनवतच नाही. त्याच्यापासून फक्त आरएनएचा छोटा तुकडा बनतो आणि तो इतर जनुकांचे निरोप कापून नीट जोडायला मदत करतो. प्रत्येक कार्यालयात असा एक जण असतो. तो काय करतो, हे कुणालाच सांगता येत नाही. तो आजारी पडला की सगळ्या फायली भलत्याच टेबलांवर जातात.

आईबाबांचं आणि बहिणीचं रक्तही तपासलं होतं. डॉक्टरबाईंनी अहवाल उलटा करून त्यांच्यापुढे सरकवला.

"हा बदल तुमच्या तिघांतही नाही. तो त्याच्यातच नव्याने झाला. तुमच्या बाळाला याचा धोका इतर कुणाच्याही बाळाइतकाच. म्हणजे फारच कमी."

बहिणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईने विचारलं, "आणि गोळी?"

"गोळीचा काही संबंध नाही. तुमचाही नाही."

आई काकांच्या स्टुलावर बसली. पाणी मागितलं, ग्लास रिकामा केला. मग म्हणाली, "मला भूक लागली आहे."

"सकाळपासून चारदा विचारलं, तेव्हा नको नको म्हणत होतीस!" बहीण रडता रडता हसली.

मित्रांनो, महिनाभर रखडलेली गाडी उद्या मला न्यायला येईल. माझी तक्रार नाही. सतरा वर्षं गारठून काम केलं, आता जरा ऊन बघेन. जाताना एकच विनंती. जे तुम्हाला वाचता आलं नाही, त्यावर 'काही नाही' असं लिहू नका. 'आम्हाला अजून कळलेलं नाही' असं लिहा. थोडी शाई जास्त लागेल, पण एखादी आई पोटभर जेवेल.