डाव्या हातावरची गंजाची रेघ

मित्रांनो, मी म्हातारा दिसतो. पण माझ्या दिसण्यावर जाऊ नका. माझा रंग उडालाय, कडा गंजल्यात, चाकांत चिखल वाळलाय, हे सगळं मुद्दाम केलेलं आहे. मी चिनीमातीच्या खाणीत माती उचलून ट्रकमध्ये भरणाऱ्या एका लोडरची प्रतिकृती आहे, खऱ्या यंत्राहून पन्नासपट लहान. तुमच्या ओंजळीत सहज मावेन.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या एका खाणगावात, म्हाताऱ्या पास्को केलोच्या घरामागच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. पास्को हा खाणीतला निवृत्त वेल्डर. त्याने माझे सुटे भाग चिकटवले, अंगाला तपकिरी गंजाचा रंग दिला, त्यावर केसांना मारतात तो हेअरस्प्रे फवारला आणि वरून झगझगीत पिवळा रंग चढवला. एक दिवस मी अगदी तोऱ्यात होतो. दुसऱ्या दिवशी त्याने मला पाण्याने ओलं केलं आणि राठ ब्रशने घासायला सुरुवात केली. पिवळ्या रंगाच्या खपल्या निघू लागल्या, खालचा गंज उघडा पडला. मी मनात म्हटलं, या माणसाचा माझ्यावर नक्की काहीतरी राग आहे. त्या दिवसापासून मला माणसांचा संशय येऊ लागला, तो आजवर गेलेला नाही.

पण पास्को थांबला नाही. त्याने तैलरंगाचे बारीक ठिपके देऊन ते टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या ब्रशने खाली ओढले, तेव्हा पावसाने गंज ओघळल्यासारखा दिसू लागला. माती उचलणाऱ्या बकेटच्या दातांवर शिसपेन्सिल घासली, तसे ते दगड खाऊन झिजलेल्या पोलादासारखे चमकू लागले. चाकांत खाणीतली खरी पांढरी माती भरली. केबिनच्या पायरीची डावी बाजू त्याने जास्त झिजवली. "हेडली नेहमी डावा पाय आधी टाकायचा," असं तो पुटपुटला. तेव्हा कुठे मला कळलं, की मी कुठलातरी लोडर नाही, एका ठरावीक माणसाचा लोडर आहे.

मग माझ्या डाव्या हाताची पाळी आली. बकेट उचलणाऱ्या त्या हातावर पास्कोने केसाएवढी चीर रंगवली. तिच्यावर वेल्डिंगचं चौकोनी ठिगळ काढलं आणि ठिगळाखालून गंजाची एक रेघ ओढली. इतकं सुंदर काम! पण लगेच त्याने खिडकीकडे पाहिलं आणि सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगवलं, पुन्हा पुसलं. असं अकरा वेळा झालं. शेडमध्ये चिटपाखरू नसताना हा माणूस कुणाला घाबरतोय? माझा संशय बळावत गेला. बाराव्या वेळी मात्र त्याने रेघ ओढली आणि घाईघाईने मला खोक्यात बंद केलं.

शनिवारी चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, सभागृहात प्रतिकृतींचं प्रदर्शन होतं. लोक वाकवाकून मला बघत होते. लॉरी ब्रे नावाचा, एके काळी खाणीत ट्रक चालवणारा गडी तर ओरडलाच, "अरे, हा तर हेडलीचा लोडर! त्या दिवशी मी चहाला उतरलो नसतो, तर माझी चटणी झाली असती. आणि तो बाबा म्हणे शुद्धीत होता!"

सगळे हसले. सव्वीस वर्षांपूर्वी हेडली रंडलच्या लोडरचा हात मोडला होता आणि भरलेली बकेट लॉरीच्या ट्रकवर कोसळली होती. हेडलीने निष्काळजीपणा केला, असा चौकशीत निर्णय झाला. दारूची पुरवणी गावाने आपल्या पदरची जोडली. त्याची नोकरी गेली. पुढे म्हातारा होईपर्यंत तो समुद्राकाठी सुट्टीला येणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या झाडत राहिला.

त्याची बायको मर्ल तिथेच लोकांना चहा ओतून देत होती. तिने किटली खाली ठेवली, चष्मा चढवला आणि माझ्यापाशी आली.

"पास्को, ही चीर कसली रे?"

"अगं, अशीच. जुनं दिसावं म्हणून."

"पायरी हेडलीच्या पायाने झिजलेली, दाराची मूठ त्याच्या हाताने काळी पडलेली, आणि चीर तेवढी अशीच?"

"फोटोत पाहिली असेल कुठेतरी."

"कुठल्या फोटोत? दाखव."

पास्को उगाच खिसे चाचपू लागला.

"मोडका हात दुसऱ्याच दिवशी भंगारात गेला," मर्ल हळू आवाजात म्हणाली. "हात आधीच तडकला होता, असं हेडली ओरडून सांगत होता. तू चौकशीत शपथेवर म्हणालास, मी काही पाहिलं नाही. मग हे ठिगळ तुझ्या हातून उतरलं कसं?"

पास्को खुर्चीवर बसला. "मीच मारलं होतं ते. आठ दिवस आधी. फोरमन म्हणाला, यंत्र थांबवायचं नाही, वरून रंग फास. मी फासला. नंतर म्हणाला, तोंड उघडलंस तर आधी तुझीच नोकरी जाईल."

मर्लने मला उचललं. "चल," एवढंच ती म्हणाली.

हेडली घरी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. त्याने हात पुसले, मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि पास्कोचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. त्याच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

"आज का सांगतोयस? डॉक्टरने दिवस मोजून दिलेत का तुला?"

"नाही रे."

"मग माझ्याकडे काही काम काढलंय?"

"काही नाही."

"लोक उगाच खरं बोलत नाहीत, पास्को."

"बोलू तरी दे त्याला," मर्ल म्हणाली.

पास्कोने माझ्याकडे पाहिलं. "तो फोरमन कधीच मेला. तरी मी गप्पच होतो. मग हा रंगवायला घेतला. रेघ पुसली, की हा साफ खोटा दिसायचा, हेडली. बाकी सगळं जमलेलं असायचं, तरी खोटा दिसायचा."

हेडलीने सोललेले बटाटे पाण्यात टाकले. मग त्याने कोट चढवला. "मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांग."

आम्ही सभागृहात पोहोचलो, तेव्हा पहिलं बक्षीस मलाच जाहीर झालं होतं आणि लोक मला शोधत होते. पास्को मला हातात घेऊन पुढे उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं, स्वतःच्या खोट्या शपथेसकट. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हेडली दारापाशीच उभा होता.

मग लॉरी ब्रे उठला. हा आता आणखी एक टोमणा मारणार, अशी मला खात्री होती. त्याने एक कप चहा भरला आणि सगळं सभागृह ओलांडून तो दारापाशी गेला.

"साखर किती घेतोस तू? विसरलो बघ."

हेडलीने आधी कपाकडे पाहिलं, मग लॉरीकडे.

"दोन चमचे. आणि तुझा ट्रक मी मोडला नव्हता."

"नव्हता मोडलास," लॉरी म्हणाला.

तेव्हापासून मी हेडलीच्या खिडकीत राहतो. त्याने पास्कोला माफ केलं का, हे मला सांगता येणार नाही. पास्को येतो, दोघे बसतात, खाणीच्या गोष्टी निघतात. हेडली त्याला दारापर्यंत पोहोचवायला मात्र अजून उठत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी प्रतिकृती हाती आली, तर तिला ओल्या फडक्याने पुसू नका. तिच्यावरची धूळसुद्धा कोणीतरी जीव ओतून बसवलेली असते. आणि खऱ्या यंत्रांना जपा. शाळेतल्या झोपाळ्याची कडी करकरली, सायकलचा ब्रेक सैल लागला, तर मोठ्यांना सांगा, आणि त्याच दिवशी सांगा. फार उशीर झाला, की खरं सांगणाऱ्याचाही संशय येतो.