एकवीस वाघाट्यांचा तपास

पाणथळीच्या अभ्यास केंद्रात सगळे तिला मावशी म्हणत. वय छत्तीस, भाचरं एकही नाही, पण बाई वाघाट्यांवर काम करणारी, आणि मांजर पडली वाघाची मावशी, मग हिला दुसरं काय म्हणणार? सुरुवातीला ती चिडायची. पुढे साठीला टेकलेले राखणदार काकाही तिला ‘अगं मावशी’ म्हणून हाका मारायला लागले, तेव्हा तिने हात टेकले.

वाघाटी म्हणजे घरच्या मांजराच्या बेताचं, अंगभर ठिपक्यांचं रानमांजर. माणसाच्या वाऱ्याला उभं राहत नाही. त्यामुळे त्याची मोजणी करायची तर पाणथळीतल्या वाटांवर खुंट ठोकून त्याला वीतभर उंचीवर कॅमेरे बांधायचे. समोरून काही ऊबदार गेलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. दोन महिन्यांनी सगळी कार्डं गोळा करायची आणि मग मावशीने मान मोडेपर्यंत फोटो बघायचे. त्यात निम्मं तर वाऱ्याने हलणारं गवत. मग उनाड कुत्री, बगळे, काकांचे चिखलाने भरलेले बूट, आणि उरलीसुरली मांजरं. दोन मांजरांचे ठिपके कधी सारखे नसतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. ठिपक्यांवरून एकेकीला ओळखायचं, नाव द्यायचं आणि मोजायचं.

दोन वर्षांपूर्वी अशा चव्वेचाळीस वाघाट्या भरल्या होत्या. केवढं कौतुक झालं होतं. यंदा पुन्हा मोजणी झाली आणि तेवीसच भरल्या.

आकडा वन खात्यात गेला आणि तिथे गहजब झाला. एकवीस मांजरं गेली कुठे? रोग म्हणावा तर एकही मेलेलं मांजर सापडलं नव्हतं. म्हणजे कुणीतरी मारली, कातडी विकली. आणि पाणथळीत रोज जाणारा माणूस कोण, तर काका. तीस वर्षं इमानेइतबारे राखण केलेल्या माणसाला खात्याने घरी बसवलं आणि चौकशी लावली. मावशीला राग आला, वाईट वाटलं, पण काकांनी काही केलं नाही याची तिला खात्री होती. सत्य काय ते बाहेर येईलच, असं ती सगळ्यांना सांगत होती. बाहेर यायचं सत्य आपल्याच कपाटात बसलंय, हे तेव्हा तिला कुठे ठाऊक होतं.

चौकशी अधिकाऱ्याचं पत्र आलं : नाहीशी झालेली एकवीस जनावरं कोणती, त्यांची फोटोंसह यादी द्यावी. मागणी रास्त होती. मावशी एका मंगळवारी सकाळी जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी लावून बसली.

जुन्यांपैकी दोघी तिच्या विशेष लाडक्या होत्या. एकीच्या डाव्या खांद्यावर शेपटीवाला ठिपका, तिचं नाव स्वल्पविराम. दुसरीच्या उजव्या कुशीवर चार छिद्रांचा गोल, तिचं नाव बटण. दोघींचा वावर एकाच ओढ्याच्या काठाने. एरवी हद्दीसाठी एकमेकींचे कान फाडणाऱ्या या जातीत या दोघी एकाच वाटेवरून खुशाल ये-जा करत, कधी ओरखडा नाही. केंद्राचे प्रमुख असलेल्या सरांनी यावर अहवालात एक आख्खं प्रकरण लिहिलं होतं. ‘शेजारिणींमधला सोशिकपणा’ हे भाषण त्यांनी तीन देशांत दिलं, आणि ते ऐकून विद्वानांनी माना डोलावल्या.

यंदा केंद्राकडे कॅमेरे भरपूर होते. म्हणून प्रत्येक वाटेला दोन, समोरासमोर. मांजर मधून गेलं की एकाच क्षणी त्याच्या दोन्ही कुशींचे फोटो. सकाळी अकराच्या सुमारास मावशीने अशीच एक जोडी उघडली. डाव्या कुशीच्या फोटोत स्वल्पविराम होती. हायसं वाटून ती हसली. म्हणजे ही बया जिवंत आहे. मग तिने उजव्या कुशीचा फोटो उघडला. तिथे बटण होतं.

तिने वेळ पाहिली. दोन्ही फोटोंवर तोच सेकंद. तिने कार्डांचे क्रमांक तपासले, वाट तपासली, चष्मा पुसला. दोन मांजरं नव्हतीच मुळी. एकच मांजर होतं, आणि ते स्वतःशी भांडणार तरी कसं?

मग तिला सगळं आठवलं. पहिल्या वर्षी कॅमेरे निम्मेच होते, वाटेला एकेक. त्यामुळे कुणाची डावी बाजू मिळाली, कुणाची उजवी. अशा वेळी काय करायचं हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं : दोन्ही ढीग वेगळे ठेवायचे आणि ज्यात जास्त जनावरं तेवढाच मोजायचा. डावीकडे चोवीस होती, उजवीकडे वीस. मावशीने तक्त्यात बाजूचा रकाना केलाही होता. पण आईच्या ऑपरेशनच्या आठवड्यात, दवाखान्याच्या जिन्यात बसून तिने शेवटची यादी बनवली, तेव्हा नावं घेतली आणि रकाना सोडला. चोवीस आणि वीस, चव्वेचाळीस. सरांनी पाहिलं, छापणाऱ्यांनी पाहिलं, कुणाच्याही लक्षात आलं नाही. आकडा मोठा असला की माणसं तपासत नाहीत, पेढे वाटायला निघतात.

म्हणजे तेव्हा चोवीस होत्या आणि आता तेवीस. एखादी म्हातारी होऊन मेली असेल. एकवीस वाघाट्या कुणी मारल्या नव्हत्या, कारण त्यांतल्या वीस जन्मालाच आल्या नव्हत्या.

ती तशीच सरांच्या खोलीत गेली. सरांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले, पुन्हा पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते एकदम थकलेले दिसले.

“अजून कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“मग आधी पूर्ण खात्री करून घे. एका जोडीवरून काही ठरत नाही.”

“सर, काकांची चौकशी चाललीय.”

“पुरावाच नाही, तर होणार काय त्यांचं? सुटतील. थोडा त्रास होईल, मान्य आहे. पण आपण आज उठून असं सांगितलं, तर उद्या या पाणथळीबद्दल आपण काहीही बोललो तरी लोक हसतील. पाणथळीला बांध घालून जमीन लाटायला टपून बसलेत सगळे. त्यांना आयतंच कोलीत द्यायचं?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “पुढच्या अहवालात दुरुस्ती टाकू. रीतसर.”

सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले ते खोटंही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मावशीला ते ऐकून बरंच वाटलं. तिचं नाव त्या अहवालावर सरांच्या खालोखाल होतं. पुढच्या वर्षी तिची नोकरी कायम व्हायची होती, घरी आई तिच्यावर अवलंबून. खात्री करायलाच हवी, असं तिने स्वतःला बजावलं आणि ती कामाला लागली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. बाईने तर डोळे चांगले उघडे ठेवून, भिंगातून फोटो बघत बघत तेच केलं.

तिसऱ्या दिवशी नऊ जोड्या जुळल्या. एवढ्यावर कुणीही शास्त्रज्ञ थांबला असता. ती थांबली नाही. सहाव्या दिवशी चौदा झाल्या. मधेच तिला काकांची आठवण यायची. पहिल्या वर्षी तिने कौतुकाने आकडा सांगितला तेव्हा काका डोकं खाजवत म्हणाले होते, “चव्वेचाळीस? मला बाई वीस-बाविसाच्या वर पायांचे ठसे दिसत नाहीत.” आणि तिने हसून त्यांना समजावलं होतं, की काका, डोळ्यांनी मोजणं वेगळं आणि शास्त्राने मोजणं वेगळं. काकांनी ते मनापासून मानलं होतं. पुढे नव्या राखणदारांना तेच ते शिकवत. ही आठवण आली की मावशी उठून पाणी पिऊन यायची.

दहाव्या दिवशी अठरा जोड्या झाल्या. त्याच दुपारी चौकशी कार्यालयातल्या कारकुनाचा फोन आला.

“मॅडम, त्या यादीची आता घाई नाही बरं का. सावकाश द्या.”

“का? चौकशी थांबली का?”

“थांबली कसली, मार्गी लागली. साहेब खूश आहेत.” एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मार्गी लागली म्हणजे काकांवर ठपका येणार, एवढंच तिला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्या जोड्या जोडून चौकशी अधिकाऱ्याला पत्र पाठवलं : चूक माझी आहे, मांजरं नाहीशी झालेली नाहीत, कुणीही दोषी नाही. एक प्रत सरांना धाडली. सर ती प्रत हातात घेऊन तिच्या दारापर्यंत आले आणि परत फिरले. तिने पिशवी उचलली आणि ती काकांच्या घरी निघाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटत होतं. काकांचं ओझं उतरेल, ते रागावतील, चार शब्द ऐकवतील, ते आपण ऐकून घेऊ. वाटेत तिने माफीची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली.

काकांचं घर पाणथळीच्या कडेला, मागे जावयाच्या कोंबड्यांच्या दोन लांब शेड. लेक आणि जावई काकांजवळच राहत. काका पायरीवर बसले होते. दाढी वाढलेली, हातात काही काम नाही. या माणसाला रिकाम्या हाताने बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

“ये मावशी,” ते म्हणाले. “बरं झालं आलीस. मला तुझीच माफी मागायची होती.”

“माझी? कशाबद्दल?”

“तुझी मांजरं माझ्या राखणीतून गेली. एक नाही, दोन नाही, एकवीस. आधी मला पटेना. रोज हिंडतो, फासा दिसला नाही, रक्ताचा थेंब दिसला नाही. पण म्हटलं, मावशीचा आकडा चुकायचा नाही. गेली म्हणजे कुणीतरी नेलीच. मग रात्रंदिवस तेच डोक्यात. कोण नेईल? कुणाला रानाच्या वाटा ठाऊक? कुणाचं त्या मांजरांशी वाकडं?” काकांनी मागच्या शेडकडे मानेने खूण केली. “या जावयाच्या कोंबड्या न्यायची ती मांजरं. यानेच एकदा पिंजरा लावला होता, मी मोडून टाकला. मला एकच माणूस दिसायला लागला गं.”

मावशीची जुळवलेली वाक्यं जागच्या जागी विरली.

“काका, तुम्ही काय केलंत?”

“जबाब दिला. तीस वर्षं खात्याचं खाल्लंय, घरचा म्हणून लपवू कसा? त्याच दिवशी त्याला घेऊन गेले. ओरडून ओरडून सांगत होता, मामा, मी नाही, मी नाही. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

आतून पत्र्याच्या बादलीचा आवाज आला. काकांची लेक शेडकडे निघाली होती. दोघांच्या मधून ती गेली, पण बापाकडे तिने मान वळवली नाही. हजारभर कोंबड्या आता ती एकटी सांभाळत होती.

मग मावशीने सांगितलं. डावी बाजू, उजवी बाजू, दवाखान्याचा जिना, सगळं. सांगताना तिला रडू फुटलं आणि रडण्याचीही लाज वाटली. सकाळीच पत्र दिलंय, आता जावयाला सोडतील, सोडावंच लागेल, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

काका ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे ती नव्हतीच?”

“नव्हती, काका.”

“मी पाहत होतो तेच खरं.”

“हो.”

तिला वाटलं, आता ते रडतील किंवा शिव्या देतील. दोन्हीला ती तयार होती. त्यांनी फक्त तिच्याकडे वळून, कामाचं काही विचारावं तशा आवाजात विचारलं, “तुला हे कळलं कधी?”

‘काल’ हा शब्द तिच्या जिभेवर आला. किती सोपा होता. काकांनी तो मानला असता. त्यांनी तिचं सगळंच मानलं होतं.

“अकरा दिवस झाले,” ती म्हणाली. “आणि तुमचा जबाब?”

“आजचा चौथा दिवस.”

दोघांनीही बोटं मोजली नाहीत. मोजण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. काका गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि पायरीवरून बाजूला झाले.

“मला सांगितलंस, झालं. आता जा, तिला सांग.”

“काका, तुम्ही पण चला ना.”

“माझ्याशी बोलत नाही ती. तू जा. आणि मावशी, अर्धवट सांगू नकोस. तारखेसकट सांग.”

शेडमध्ये काकांची लेक पाठमोरी उभी राहून दाणे टाकत होती. पायांशी कोंबड्यांचा नुसता गलबला. मावशीने दोनदा हाक मारली, तेव्हा ती वळली. तिच्या चेहऱ्यावर आशा उमटलेली पाहून मावशीला परत फिरावंसं वाटलं. केंद्रातून बाई आली म्हणजे काहीतरी चांगलंच घेऊन आली असणार, असं तिला वाटलं असावं.

“चूक माझी होती, हे नंतर सांगते,” मावशी म्हणाली. “आधी ऐक. तुझ्या नवऱ्याला नेलं, त्याच्या सात दिवस आधीपासून मला माहीत होतं.”